थापेतला आकडा

सरोजआजींना फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं लखनऊच्या तेलीबागेतल्या मराठी मंडळात सगळे धरून चालत. मलिहाबादचा एक आंबा इतका गोड निघाला की खाणाऱ्याचे ओठ एकमेकांना चिकटले आणि तो सव्वीस दिवस मुका राहिला, हे आजींनी एका रिटायर्ड कर्नलला पटवून दिलं होतं. कर्नलनं विचारलं, कोण तो माणूस? तर म्हणे, इथंच तर राहायचा, परवाच कानपूरला गेला बघा.

गणपतीत मोदक वळता वळता त्यांनी विनीताला त्यातलं गुपितही सांगून टाकलं होतं. "थापेत आकडा घालावा, पण गोल नको. वीस म्हटलं की माणूस हसतो. सव्वीस म्हटलं की गप्प बसतो. आणि साक्षीदार ठेवावा, पण कधी हाताला लागणार नाही असा. माझ्या निरंजनला हे सहाव्या वर्षीच जमायला लागलं होतं. दूध सांडलं की म्हणायचा, मांजरानं सांडलं, नऊ मांजरं होती, आता गेली सगळी."

निरंजन म्हणजे आजींचा मुलगा, फौजेत नायब सुभेदार. त्याचं पोस्टिंग वर डोंगरात, आणि बायको मीनाक्षी, मुलगी सानिका आणि आजी अशा तिघी तेलीबागेत भाड्याच्या घरात. सानिका अकरावीत, छावणीच्या कडेच्या शाळेत. विनीता त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. नवरा सुधीर बँकेत, त्याची बदली झाली म्हणून ती नाशिकहून लखनऊला आलेली. मराठी बोलायला मिळावं म्हणून आजींच्या घरी जायची, थापा ऐकायची, वाटीभर काहीतरी घेऊन परत यायची. सगळं छान चाललं होतं. बिघडवलं ते विनीतानंच.

त्याचं झालं असं, की यंदा शाळेनं तिच्या गळ्यात सायबर सुरक्षेचा विषय घातला. अकरावीची पोरं. पासवर्ड कसा असावा, लिंक का उघडू नये, हे तिनं आठ आठवडे घसा सुकेपर्यंत शिकवलं. पोरं अशी बसायची की जणू कोणी त्यांना पाणी ओलं असतं हे समजावून सांगतंय. आदेश नावाचा एक शहाणा पहिल्या बाकावरून म्हणाला, "मैम, ये सब तो मेरे नाना को भी पता है."

"तर मग रोज इतके लोक फसतात कसे?"

"वो बेवकूफ़ होते हैं, मैम."

सगळा वर्ग हसला. विनीताच्या डोक्यात तिडीक गेली. फसतो तो मूर्ख नसतो, प्रेमळ असतो, घाबरलेला असतो, हे यांना दाखवायचं कसं? तेवढ्यात सानिका म्हणाली, "मेरी आजी को कोई नहीं ठग सकता, मैम. बैंक वाला बनके एक आदमी ने फ़ोन किया था. आजी ने उसको तैंतालीस मिनट कहानी सुनाई. वही फ़ोन रख के भाग गया."

बस. तिथंच ठिणगी पडली.

शाळेत पालकांसाठी शनिवारी कार्यक्रम होता, आजी-आजोबांनाही बोलावलं होतं. विनीतानं सानिकाकडून निरंजनचा आवाज मागून घेतला. मुलीच्या वाढदिवसाला त्यानं पाठवलेला चाळीस सेकंदांचा निरोप. हल्ली तेवढं पुरतं. संध्याकाळभर लॅपटॉपशी झटून तिनं तो आवाज असा बनवला की आपण टाइप करावं आणि निरंजननं बोलावं. तिला स्वतःला काटा आला.

सुधीर जेवताना म्हणाला, "सरोजकाकूंना विचारलंस का?"

"विचारलं तर मग परीक्षा कसली?"

"आणि निरंजनला?"

"अहो, शाळेतला प्रयोग आहे. पाच मिनिटांचा." असं म्हणून तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली, म्हणजे तोंड बंद राहावं.

शनिवारी दारातच प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी दिली. त्यावर सहा आकडे. माइकवरून सांगितलं, हा तुमचा गुप्त आकडा, काही झालं तरी कोणाला सांगायचा नाही. आजींनी चिठ्ठी कमरेला खोचली आणि शेजारच्या सरदारजींना सांगितलं की आपण एकदा एक गुपित एकतीस वर्षं पोटात ठेवलं होतं, डॉक्टरला एक्सरेत दिसलं.

अर्ध्या तासानं आजींचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"आई, मी निरंजन. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय."

आजी उठूनच उभ्या राहिल्या. "बाळा? आवाज का बसलाय? जेवलास का?"

पडद्यामागं विनीताची बोटं धावली. "जेवलो आई. इकडे जरा अडकलोय. तुझ्याकडे एक आकडा दिलाय ना, तो सांग."

"कोणाला सांगायचा नाही म्हणालेत रे."

"मला पण?"

हे दोन शब्द टाइप करताना विनीताला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. नंतर तेच दोन शब्द तिला भाजी चिरताना, आंघोळ करताना, फळ्यावर लिहिताना ऐकू येत राहिले.

आजींनी कमरेची चिठ्ठी काढली. चष्मा सापडेना, म्हणून सरदारजींच्या समोर धरून त्यांच्याकडून एकेक आकडा वाचून घेतला आणि फोनमध्ये सांगितला. हिंदीत आणि मराठीत, दोनदा, बाळाला नीट कळावं म्हणून. हॉलमध्ये आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, मग टाळ्या. विनीता पडद्याबाहेर आली आणि आधीपासून पाठ केलेलं वाक्य बोलली, "देखिए, भाषा अपनी थी, आवाज़ अपनी थी, आदमी अपना नहीं था." प्रिन्सिपल साहेबांनी मान डोलावली. आदेशचं तोंड उघडंच. वर्गाला धडा मिळाला होता, आठ आठवड्यांत पहिल्यांदा.

आजी तशाच उभ्या होत्या, फोन छातीपुढं धरून. त्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या, "निरंजन? गेलास का?"

गेटपाशी विनीतानं त्यांना गाठलं. तिला वाटलं होतं, आजी पाठीत धपाटा घालतील, म्हणतील, काय ग चोरटे. आजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हिंदीत बोलला असता तर त्याला फिरवून फिरवून गोमतीपार सोडून आले असते. तू त्याला मराठीत बोलायला लावलंस. इथं या मुलखात कोणी आई म्हटलं की मी दार उघडते. ते तुला ठाऊक होतं."

आणि ई-रिक्षात बसून गेल्या.

*

त्यानंतर दोन आठवडे आजी मंडळात आल्या नाहीत. थापाही बंद. दूधवाला सानिकाला विचारत होता म्हणे, अम्माजी की तबीयत ठीक है? आज भैंस का हाल नहीं पूछा. कोणीतरी हॉलमधला व्हिडिओ काढला होता. आजी चिठ्ठी वाचून घेतायत आणि लोक हसतायत. तो शाळेच्या सगळ्या ग्रुपांवरून फिरून मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली एकानं हसरे चेहरे टाकले, अकरा.

पण खरी गोष्ट विनीताला कळली ती शुक्रवारी. तास संपल्यावर सानिका टेबलाशी घुटमळली.

"मैम, आजी पापा से बात नहीं कर रहीं."

"रागावल्यात?"

"नहीं. वो कहती हैं, ये मशीन है." सानिका वहीचा कोपरा दुमडत राहिली. "मम्मी फ़ोन देती हैं तो आजी पूछती हैं, कौन बोल रहा है. फिर वापस दे देती हैं. वीडियो वहाँ चलता नहीं. और आपने तो कहा था, वीडियो भी बन जाता है."

"हो. म्हणाले होते."

"पापा सोमवार को ऊपर वाली पोस्ट पे जा रहे हैं. तीन महीने. वहाँ से फ़ोन नहीं होगा. इतवार को ग्यारह बजे आख़िरी कॉल है." मग मान वर न करता म्हणाली, "क्लिप तो मैंने ही दी थी, मैम."

"तू नाही ग. मी मागितली होती," विनीता एवढंच म्हणाली.

रविवारी साडेदहाला ती तेलीबागेत पोचली. बाजारात मटार नुकता उतरला होता. जाळीच्या बाल्कनीत आजी परातीपुढं शेंगा सोलत बसल्या होत्या. मीनाक्षीनं दार उघडलं आणि नुसत्या डोळ्यांनी म्हणाली, बघा काही होतं का.

"या मास्तरीणबाई," आजी म्हणाल्या. "आज कोणाचा आवाज आणलाय?"

"माफी मागायला आलेय, काकू."

"स्वतःच्या तोंडानं, की टाइप करून?"

विनीता खाली सतरंजीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली. आजींनी अडवलं नाही. बराच वेळ दोघींच्या मध्ये फक्त दाणे पडत होते. मग विनीतानं शाळेत शिकवतात ते सुचवलं. घरच्यांनी आपसात एक खुणेचा प्रश्न ठरवावा. बाहेरच्याला उत्तर येणारच नाही असा. आज फोन आला की तो विचारायचा.

"काय विचारू? जन्माचं गाव? मीनाक्षीनं फेसबुकवर घातलंय. त्याच्या कुत्र्याचं नाव? ते मी अख्ख्या छावणीला सांगून बसलेय. पडला कुठं, हात मोडला कधी, शाळेतून पळाला कितीदा, सगळं सगळ्यांना ठाऊक. माझ्याकडे खरं असं काही शिल्लकच नाही ग. आयुष्यभर बडबडले, आता एक शब्द मागितला तर घरात सापडत नाही."

"पण तुम्हाला आवाज ओळखू येतो ना, काकू. मीनाक्षीवहिनींना येतो, सानिकाला येतो."

आजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "त्या म्हणतात तोच आहे. असेलही. पण त्या दिवशी पण मला तोच वाटला होता. नुसता कानाला नाही, माझ्या पोटात हललं. आता पोटानंच दगा दिला तर मी विचारायचं कोणाला?"

विनीतानं पर्समधून फोन काढला. "तो आवाज अजून माझ्याकडे आहे. तुमच्यासमोर पुसते."

"नको."

"काकू?"

"राहू दे." आजी जाळीबाहेर बघत होत्या. खाली शेंगदाणेवाला हाका मारत चालला होता. "तीन महिने हा काही बोलणार नाही. मग तेवढा तरी..." आठ आठवडे विनीतानं पोरांना काय काय धोके शिकवले होते. हा त्यात नव्हता.

अकराला पाच कमी असताना फोन आला. मीनाक्षी बोलली. सानिका बोलली, हाँ पापा, जी पापा. मग मीनाक्षीनं फोन स्पीकरवर टाकून मटारच्या परातीत मध्यभागी ठेवला, देवापुढं निरांजन ठेवावं तसा, आणि बाजूला झाली.

"आई?"

आजी बघत राहिल्या.

"आई, ऐकतेस ना?"

"कोण बोलतंय?"

पलीकडे वाऱ्यासारखा आवाज येत होता, घोंगडी झटकावी तसा. "मी निरंजन."

"ते मागच्यानंही सांगितलं होतं."

त्याला घरच्यांनी सगळं सांगितलेलं असणार. पुन्हा बोलला तेव्हा आवाज जरा खाली आला होता. "उद्या वर चाललोय. मग फोन नाही. म्हटलं, तुझ्याशी बोलून जावं."

आजींचा हात परातीकडे गेला, फोनपर्यंत नाही गेला. "जेवलास का?"

"जेवलो आई."

विनीतानं डोळे मिटले. तेच शब्द. अगदी तेच. तिनं काही विचार न करता टाइप केले होते, कारण जगातला कुठलाही मुलगा आईला हेच सांगतो. डोळे उघडले तेव्हा आजींचा हात मागं आला होता आणि पदरात गेला होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. रिकाम्या घरासारखा चेहरा. विनीताला वाटलं, संपलं. हा माणूस तिकडं बर्फात जाणार आणि इथं त्याची आई त्याला न ओळखताच राहणार. आणि हे कोणी केलं, ते त्याला ठाऊक असणार.

"थंडी किती आहे तिकडं?" आजींनी विचारलं. उगाच विचारावं तसं.

"थंडी कुठली, आई." तो हसला. जरा घाईनंच हसला. "काल आम्ही सतरा जण बाहेर बर्फावर बसून आइस्क्रीम खाल्लं. नुसत्या बनियनवर. एकाला तर घाम आला."

आजींची मान वर झाली.

"किती जण म्हणालास?"

"सतरा."

"पंधरा नाहीत?"

"पंधरा कसे? मला धरून सतरा. विचार हवं तर हेमचंद्रला."

"दे त्याला फोन."

"तो..." वारा मध्ये आला. "तो कालच रजेवर गेला ग, आई."

आजींनी परातीतून फोन उचलला. त्याला चिकटलेले दोन दाणे झटकले आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. स्पीकर बंद करायला सानिकापुढं धरला, आणि मग फोन कानाला लावला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"बाळा," त्या म्हणाल्या. मग नुसतं ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज असा काढला जणू मंडळात बसल्यात. "हो का. बरं झालं. हेमचंद्र आला की विचारीन हां त्याला. नाही रे, मला कसली काळजी. मी मजेत. काल बसल्या बैठकीला एकशे तेरा पुऱ्या लाटल्या. तर काय, दुखला नाही खांदा. विचार गॅसवाल्याला. नाही नाही, तो आता गोंड्याला गेला, बायकोकडं... हां. हां बाळा. बनियन दोन घाल."

मग फोन कानाशी धरूनच बसून राहिल्या. सानिकानं हळूच स्क्रीन बघितली. लाइन केव्हाच गेली होती.

"तोच आहे," आजी म्हणाल्या.

मीनाक्षी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. पंधरा दिवस दाबून धरलेलं. विनीता म्हणाली, "चला, देवानंच..."

"काय चला?" आजी म्हणाल्या. "मशीन असतं तर बरं झालं असतं. मशीनला कसली थंडी." फोन त्यांनी मांडीवर उलटा ठेवला. "सतरा म्हणाला. साधी गोष्ट असती तर दहा-बारा म्हणून सोडून दिलं असतं. मोठं काही लपवायचं असलं की तो इतका मोजून सांगतो. आणि साक्षीदार कालच रजेवर."

मांडीवरचा फोन त्यांनी मीनाक्षीला परत दिला.

"पूस आता तो आवाज," आजी म्हणाल्या.

विनीतानं फोन त्यांच्यासमोर धरला आणि पुसला. लॅपटॉपवरचा घरी जाऊन पुसते म्हणाली. मग तिला राहवेना. "काकू, माझ्याकडचा गेला. पण तो व्हिडिओ बाहेर गेलाय, त्यातही आवाज आहे. तो मला परत आणता येणार नाही."

"ठाऊक आहे. माझ्या चाळीस वर्षांपूर्वीच्या थापा अजून गावाकडं खटाव तालुक्यात फिरतायत, मी काय त्या परत आणल्या?" त्या तिच्याकडे बघत होत्या, त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच. राग होता अजून. पुष्कळ होता. "तुझ्या पोरांना उद्या सांग, म्हातारी फसली कारण तिनं जेवलास का विचारलं. हसू नका म्हणावं."

"सांगते."

"आणि विचारून करत जा ग काही करायचं ते."

विनीता हो म्हणाली. याहून मोठी शिक्षा झाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

आजींनी परात पुढं ओढली. मग नातीला म्हणाल्या, "सानिका, तुझ्या त्या मोबाइलात दिसतं ना, कुठं किती थंडी? बघ तुझा बाप आहे तिकडं किती आहे ते. खरं खरं सांग."

सानिकानं फोन काढला. त्या शेवटच्या गावाचं नाव घातलं, ज्याच्या पुढं फक्त फौजेच्या गाड्या जातात. विनीता तिच्या शेजारीच बसली होती, तिला स्क्रीन दिसली. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती, आणि आकडा असा होता की विनीतानं नजर काढून घेतली. खाली रात्रीचा आकडा होता, तो तिनं वाचलाच नाही.

सानिकानं फोन हळूच उलटा केला.

"ज़्यादा नहीं है, आजी. सतरा डिग्री. धूप भी निकली है."

आजी शेंग सोलता सोलता थांबल्या. नातीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पोरगी अकरावीतली, ओठ घट्ट मिटून बसलेली, नजर जराही हलू न देता.

"सतरा," आजी म्हणाल्या.

"हाँ."

"बरं." त्यांनी निम्म्या शेंगा तिच्या पुढ्यात सारल्या. "सोल."